लोकस्ट टिकवायचा तर हेक्स मोजा

‘लोकस्ट दुसऱ्याच फेरीत मरतो, घेऊ नका’ हे मत पटलं नाही. बॅटलटेक हा षटकोनी खान्यांच्या (हेक्स) पटावरचा खेळ, आणि लोकस्ट त्यातला एक मेक, म्हणजे माणूस आत बसून चालवतो तो लढाऊ यंत्रमानव. त्याचा एलसीटी-१व्ही हा प्रकार २० टनांचा, चिलखत जेमतेम ६४ गुणांचं. त्याचं खरं चिलखत म्हणजे वेग. धावताना हालचालीचे १२ पॉइंट मिळतात, पण बचाव ठरतो तो ओलांडलेल्या हेक्सवर. १० हेक्स झाले की शत्रूला फाशांवर लागणाऱ्या आकड्यात +४, ९ झाले तर +३. प्रत्येक वळणाला एक पॉइंट जातो, म्हणजे सपाट जमिनीवर दोनच वळणं परवडतात. जंगलात शिरलात की हिशेब तिथेच बिघडतो.

फरक केवढा? गनरी (नेमबाजीचं कौशल्य) ४ असलेला, जागेवर उभा शत्रू मध्यम पल्ल्यावरून +४ वर मारतो तेव्हा दोन फाशांवर १० किंवा जास्त लागतात: ३६ पैकी ६ शक्यता. +३ वर त्याच शक्यता १० होतात.

दुसरी चूक म्हणजे मशीनगनच्या मोहाने शत्रूच्या समोर, अगदी शेजारच्या हेक्समध्ये थांबणं. पायाला चिलखत ८ आणि आतला सांगाडा ४. ६० टनी मेकची लाथ बरोबर १२ ची, म्हणजे पाय गेलाच! लाथ पुढच्या बाजूलाच बसते, तेव्हा थांबायचंच तर पाठीमागे थांबा. शक्यतो इनिशिएटिव्ह जिंकलेल्या (म्हणजे शत्रूनंतर हलायला मिळालेल्या) फेरीत, आणि तेही शत्रूचा दुसरा मेक जवळ नसेल तर. मीडियम लेसर तीन हेक्सपर्यंत जवळच्या पल्ल्यातच धरला जातो, मग एवढं चिकटायचं कशाला?

उष्णतेची काळजी नको: धावणं २, लेसर ३, आणि हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारे भाग) १०.