प्रतिसाद: शेततळ्यापेक्षा शिणाणे बरे

वर एकांनी लिहिलंय की मत्स्यशेती म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, गरीब कोळ्याच्या हाती काही लागत नाही. कोळंबीच्या तळ्यांबद्दल हे पटतं. बीज विकत, खाद्य विकत, पाण्यात हवा खेळवायला वीज, आणि रोग शिरला की आठवड्यात तळं साफ.

पण शिणाण्यांचं, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या खायच्या शिंपल्यांचं, तसं नाही. खडकावरचं बारीक बीज दोरीभोवती ठेवून सुती कापडात गुंडाळायचं आणि दोरी खाडीत सोडायची. थोड्या दिवसांत कापड कुजून जातं, तोवर शिणाण्यांनी आपल्या तंतूंनी दोरी घट्ट धरलेली असते. खायला काही घालावं लागत नाही, पाणी गाळून त्यातलंच खातात. नोव्हेंबर-डिसेंबरात लावलं तर 5-6 महिन्यांत काढणी. पावसाआधी मात्र उरकायचंच, कारण खाडीत गोडं पाणी भरलं की माल मरतो. केरळात कासरगोडकडच्या पडन्ना भागात बायकांच्या गटांनी हेच करून घरं चालवली.

आम्ही खानापूरकडची माणसं, आमच्याकडं कुठली खाडी? शेततळ्यात रोहू-कटला सोडला होता. एका उन्हाळ्यात पाणी गुडघ्याखाली आलं आणि कावळ्या-बगळ्यांची चंगळ झाली, एवढंच उत्पन्न! पण गिऱ्हाईक आम्हीच की. बेळगावच्या कॅम्पातल्या बाजारात कारवार-वेंगुर्ल्याचा माल घाट चढून येतो, रविवारी तिसऱ्या शिंपल्यांचा वाटा नऊनंतर मिळत नाही. माल जिवंत यायला हवा, ओल्या गोणपाटात. तोंड उघडं पडलेलं शिंपलं आमची आई परत टोपलीत फेकते.