मदत हवी आहे: 'हेलर' या जर्मन नाण्याच्या नावाचा अर्थ काय?

आजीचा पानाचा डबा आवरताना अडकित्त्याखाली एक तांब्याचं नाणं सापडलं. एका बाजूला मुकुट, 1908 आणि 'डॉइच ओस्टआफ्रिका', म्हणजे जर्मन पूर्व आफ्रिका. दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात '1 हेलर'. पणजोबांचे धाकटे भाऊ तिथल्या दारेसलाम शहरात कापडाच्या पेढीवर कारकून होते, तेव्हा ते तिथूनच आलं असणार. मी अडलोय ते नावापाशी. जर्मन शिकणारा भाचा म्हणतो, 'हेल' म्हणजे उजळ, 'हेलर' म्हणजे अधिक उजळ. पण हे तर काळंकुट्ट आहे! की हेलर नावाचा कुणी गव्हर्नर होता?

खडकू: भाच्याचं व्याकरण बरोबर, व्युत्पत्ती चुकली. गव्हर्नरचाही संबंध नाही. हे गावाचं नाव आहे. दक्षिण जर्मनीत कोखर नदीकाठी श्वेबिश हाल म्हणून मिठासाठी नावाजलेलं गाव आहे. तिथल्या टांकसाळीतला फेनिग (जर्मनांचं पैशासारखं छोटं नाणं) तो 'हालर फेनिग', पुढे नुसताच हेलर. पैठणची ती पैठणी, तसंच. 1189 च्या दस्तऐवजात त्याचा उल्लेख आहे. जुन्या हेलरवर एका बाजूला उघडा पंजा, दुसरीकडे क्रॉस असे. तेव्हा तो चांदीचा होता बरं का. पुढे चांदी कमी कमी होत गेली, अर्ध्या फेनिगवर आला आणि शेवटी नुसतं तांबं उरलं. म्हणून जर्मन माणूस 'एक लाल हेलरही नाही' म्हणतो तिथे आपण 'फुटकी कवडी नाही' म्हणतो. आणि 'हेलर-फेनिगपर्यंत' हिशेब चुकता करणं म्हणजे पै न पै.

प्रश्नकर्ता: वा! पण मग हालचं नाणं आफ्रिकेत कसं?

जुनापुराणा: नाणं नाही, फक्त नाव गेलं. जर्मनीत मार्क-फेनिग आले तेव्हाच हेलर निकालात निघाला होता. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र व्यापाऱ्यांमुळे आपला रुपया आधीच रुळलेला, म्हणून जर्मनांनीही 'रुपी'च पाडली आणि तिचे 64 'पेसा' केले. हा पेसा म्हणजे आपलाच पैसा, आणि रुपयाला 64 हा हिशेबही आपलाच! 1904 पासून त्यांनी दशमान पद्धत आणली, एका रुपीचे 100 हेलर. घरी मोडीत निघालेल्या शब्दाला परदेशात नोकरी लागली म्हणा. नाण्यावर बारीक अक्षर शोधा: 'ए' असेल तर बर्लिनची टांकसाळ, 'जे' असेल तर हॅम्बुर्गची.

प्रश्नकर्ता: 'जे' आहे. म्हणजे आमच्या चुलत पणजोबांचा पगार रुपयातच होत असणार! अजून नीट दिसावं म्हणून चिंच लावून ठेवलीय.

खडकू: अहो, आधी धुवा ती चिंच! साध्या पाण्याने. आणि नंतर घासू नका, नुसतं टिपा. तो काळा थर म्हणजेच त्याचं वय.

प्रश्नकर्ता: उशीर झाला. आता भाचा म्हणतोय, "बघ मामा, झाला की नाही हेलर!"