फसलेला फोटो आणि ब्लॅक अँड व्हाइट

‘रस्त्यावरचा फोटो फसला की ब्लॅक अँड व्हाइट करून टाका’ हा तुमच्या छत्र्यांच्या फोटोखाली दिलेला सल्ला मला अर्धाच पटतो.

दादरच्या फूलबाजारातले माझेच दोन फोटो सांगतो. पहिल्यात निळ्या ताडपत्रीवर लालभडक गुलाबांचा ढीग. रंग काढले आणि फुलं नि पानं दोन्ही एकाच करड्या रंगाची झाली, नुसता लगदा! लाल आणि हिरवा यांचा उजेड जवळपास सारखा असला की असंच होतं. तो रंगीतच ठेवला. दुसऱ्यात डोक्यावर टोपली घेतलेला हमाल, तोंडावर सकाळचं तिरपं ऊन. पण मागे दुकानाची पिवळीजर्द पाटी, नजर सारखी तिकडेच. इथे मात्र ब्लॅक अँड व्हाइट कामी आलं. एडिटिंग अ‍ॅपमध्ये पिवळा किती उजळ दिसावा ते ठरवणारा स्लायडर खाली ओढला, पाटी गडद होऊन मागे गेली. फार ओढू नका हं, आपल्याकडच्या त्वचेत पिवळा-नारिंगी भरपूर असतो, चेहराही काळवंडतो. (मी एकदा अख्खी वरात अशी काळी केलीय.)

ट्यूबलाइट नि पिवळे दिवे एकत्र असतील तर रंग सुधारत बसण्यापेक्षा ते काढलेलेच बरे. पण ‘रंगीत म्हणजे हौशी’ हे काही खरं नाही. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी आपले रस्ते रंगीत फिल्मवरच टिपले, त्यात मुंबईही आली.

तुमच्या छत्र्यांच्या फोटोत ती एकच लाल छत्री आहे ना? रंग काढलात तर ती इतर छत्र्यांत हरवेल.