मदत हवी आहे: पॅरा कमांडोच्या प्रोबेशनआधी (निवडीच्या खडतर चाचणीआधी) घोटे अन् खुबे मोकळे कसे करावेत?

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ फौजेत आहे, पॅरा स्पेशल फोर्सेससाठी व्हॉलंटियर होतोय. सध्या सुट्टीवर अंबाजोगाईला. पळणं, पुलअप, पाठीवर वजन घेऊन घाट चढणं, सगळं दणकून चालू. पण अंग लाकडासारखं कडक. भिंतीपासून चार बोटांवर पाऊल ठेवून गुडघा भिंतीला लावायला सांगितला, तर डावी टाच लगेच उचलते. उकिडवं बसतानाही तेच. मग वजन घेऊन उतरताना गुडघा बोलतो.

पळण्याआधी पाय झुलवणं, लंज (एक पाय पुढं टाकून गुडघ्यात वाकणं). ताणून धरायचे व्यायाम नंतर, एवढं कळतं. पण घोट्यासाठी रोज नेमकं काय अन् किती वेळ करावं? तालमीतले वस्ताद म्हणतात, "बैठका मार, आपोआप सुटतंय." मला काही पटत नाही. लातूरकडं खेळाडूंचा चांगला फिजिओ असेल तर तेही सांगा.