सौर बंबातून आधी येणारे गार पाणी

प्रश्न : आमच्या नाशिकच्या घरी गच्चीवर सौर बंब आहे. थंडीत सकाळी गरम पाणी येईपर्यंत जवळजवळ बादलीभर गार पाणी मोरीत वाहून जाते. ते कसे वाचवावे?

उत्तर १ : ते पाणी रात्रभर नळीत थांबून गार झालेले असते, त्यात दुसरा काही दोष नाही. बंबाचे पाणी कढत असेल, तर विसण लागतेच. म्हणून पहिल्या थेंबापासून आंघोळीचीच बादली नळाखाली ठेवावी, म्हणजे वेगळे विसण घ्यावे लागत नाही. आमच्याकडे उरलेले पाणी भांडी विसळायला जाते.

उत्तर २ : मूळ कारण नळीच्या जाडीत आहे. आतून 25 मिलिमीटर व्यासाच्या 20 मीटर नळीत सुमारे 10 लिटर पाणी मावते, तर 15 मिलिमीटरच्या नळीत साडेतीन लिटरच. मात्र बारीक नळीने धार कमी होते, हे गृहीत धरावे. नळीवरचे उष्णतारोधक आवरण रात्रभर ऊब टिकवत नाही. घरातल्यांनी पाठोपाठ आंघोळी केल्या, तरच त्याचा खरा उपयोग होतो.

उत्तर ३ : कुंड्यांना हे पाणी जरूर घालावे, पण हिवाळ्यात माती चाचपूनच, कारण ती लवकर वाळत नाही.