मदत हवी आहे: सरकारी वकिलाला रविवारच्या प्रवासाची बदली सुट्टी मिळते का?

मृदगंध:
साक्षीदाराच्या जबानीसाठी रविवारी विमानाने जावं लागलं. दुपारी 12 ला घर सोडलं, 7:10 ला हॉटेलात पोचले, कागदपत्रांच्या दोन पेट्या ओढत. लेकाचा वाढदिवस होता, केक व्हिडिओवर कापला. साहेब म्हणतात, वकिलांना ओव्हरटाइम नसतो, विषय संपला. खरंच संपला का? उद्या टाइमशीट द्यायचंय, लवकर सांगा.

सातारी_अभियोक्ता:
ताई, सहायक सरकारी अभियोक्ता आहात का? प्रवासभत्त्याचं बिल वेगळं आणि बदली रजा वेगळी. आधी कोर्टाकडून हजेरीचा दाखला घ्या. मी कायम घेतो.

मृदगंध:
माफ करा, लिहायचं राहिलं. मी अमेरिकेत आहे. वॉशिंग्टनहून डेन्व्हरला गेले होते.

बॉल्टिमोरकर:
फेडरल की राज्य? राज्य, काउंटी किंवा शहराची नोकरी असेल तर मी सांगणार तो कायदा लागू नाही.

मृदगंध:
फेडरल, जीएस-14, म्हणजे केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वेतनश्रेणीत.

बॉल्टिमोरकर:
मग विषय संपलेला नाही. साहेब दोन गोष्टींची गल्लत करताहेत. ओव्हरटाइमचं सोडा. 2004 च्या कायद्याने प्रवासाच्या वेळेची वेगळी भरपाई सुट्टी दिली, 28 जानेवारी 2005 पासून. जीएसवर असलेले वकील त्यात येतात. तासाला तास.

जुना_खजिनदार:
सुट्टी कसली घेताय, रोख मागा. मी राज्य सरकारच्या नोकरीत 30 वर्षं काढली, न मागता काही मिळत नाही.

बॉल्टिमोरकर:
काका, या सुट्टीची रोख मिळतच नाही, नोकरी सोडतानासुद्धा नाही. 26 पगार-पंधरवड्यांत वापरली नाही तर बुडते. उगाच आशा लावू नका.

जुना_खजिनदार:
आशा नाही, हक्क म्हणतोय. रविवार तिचा होता.

शार्लटची_मावशी:
विमानाचे माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे बक्षीस-गुण, स्वतःच्या नावावर घेतलेस ना गं? 2001 च्या डिसेंबरात कायदा बदलला, सरकारी प्रवासाचे माइल्स आपल्याला ठेवता येतात. माझ्या जावेला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं.

मृदगंध:
मावशी, माइल्स राहू देत, मला तास हवेत. 12:40 ला विमानतळावर, 7:10 ला हॉटेल, म्हणजे साडेसहा तास लिहू?

बॉल्टिमोरकर:
7:10 कुठल्या घड्याळात?

मृदगंध:
डेन्व्हरच्या.

बॉल्टिमोरकर:
अहो, दोन तास घालवताय! निघालो तिथलं घड्याळ धरतात. वॉशिंग्टनला तेव्हा 9:10 वाजले होते. साडेआठ तास झाले. घर ते विमानतळ सोडा, तो नेमणुकीच्या ठिकाणाच्या हद्दीत असेल तर धरत नाहीत. जेवायला थांबलात?

मृदगंध:
अर्धा तास. आणि विमान दीड तास उशिरा सुटलं.

बॉल्टिमोरकर:
जेवण वजा करा, 8 तास लिहा. विमानतळावरची नेहमीची प्रतीक्षा धरतात, पण किती वेळाला नेहमीची म्हणायचं ते कार्यालय ठरवतं. म्हणून विमानाच्या उशिराचा मेसेज जोडाच. आणि परतीचं काय?

मृदगंध:
सोमवारी. जबानी 5 ला संपली, तशीच विमानतळावर गेले, मध्यरात्रीनंतर घरी. तेही धरतात?

बॉल्टिमोरकर:
हो, कामाच्या वेळेबाहेरचा प्रवास याच नियमांनी धरतात. तेच लिहिलं नव्हतंत तुम्ही!

सातारी_अभियोक्ता:
साक्षीदार फिरला नाही ना?

मृदगंध:
नाही, नीट बोलला. परतीचे तास मोजायला बसते आता.