स्वित्झर्लंड: मे की सप्टेंबर?

इडलिंबू: आम्ही दोघं आणि सासूबाई (६८, गुडघे कुरकुरतात). आठ दिवस. विमान-व्हिसा धरून साडेपाच लाखांवर जायचं नाही. बर्फही हवा, हिरवळही. मे की सप्टेंबर?

डोंगरवेडा: जून! मेमध्ये फुर्का, ग्रिमसेल हे घाट बंद असतात. कुरणांतली फुलंही जून-जुलैत. आम्ही ग्रिंडेलवाल्डला चार तारांकित घेतलं, खिडकीत थेट आयगर शिखर. पैशांकडे बघू नका हो, एकदाच जातो माणूस.

पोहेवाली: मे. बर्फ वितळत असतो, त्यामुळे लाउटरब्रुनेनचे धबधबे भरात. श्टाउबाख जवळजवळ ३०० मीटरचा, गावातल्या रस्त्यावरून दिसतो, सासूबाईंना चढायला नको. पण पाऊस! आमचे आठातले तीन दिवस छत्रीत गेले. कोकणात स्वस्तात भिजलो असतो.

बोचरा वारा: डिसेंबर. नाताळचे बाजार, बर्फच बर्फ.

पोहेवाली: अहो, गुडघे वाचलंत का? पाचच्या आत अंधार, वर रस्ते निसरडे.

मधली सुट्टी: सप्टेंबर. गर्दी ओसरते, गाई फुलांनी सजवून डोंगरावरून खाली आणतात. युंगफ्राउयोखला (३,४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन) बर्फ बारा महिने, त्यासाठी मे कशाला? फक्त त्या सकाळी वेबकॅम बघून मगच तिकीट काढा. मी आधीच काढलं होतं. वर नुसता ढग, शेजारचा नवरा दिसेना.

डोंगरवेडा: स्विस ट्रॅव्हल पास काढा, सगळं फुकट.

मधली सुट्टी: युंगफ्राउयोखला नाही, नुसती सवलत. एकाच गावी राहून फिरणार असाल तर हाफ फेअर कार्डाचा (तिकिटं साधारण निम्म्या दरात) हिशोब करून बघा.

दोन चमचे: ठेपले न्या. रविवारी दुकानं बंद, आम्ही चकल्यांवर दिवस काढला. मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात हे सोमवारी कळलं.

बोचरा वारा: ठेपले कसले, धपाटे न्या.

दोन चमचे: कांदा घातलेले? तिसऱ्या दिवशी वास घ्या मग.

परतीचा पाऊस: वर म्हटलंय तेच, सप्टेंबर. नोव्हेंबर मात्र टाळा. झुरिक-बर्नवर दिवसदिवस धुकं बसतं आणि बऱ्याच केबलकार दुरुस्तीला बंद.

इडलिंबू: सगळ्यांचे आभार! ह्यांना रजा दिवाळीलाच मिळतेय, शिवाय विमान स्वस्त पडलं. नोव्हेंबरची तिकिटं काढली. तेव्हा कुठल्या केबलकार चालू असतात?

डोंगरवेडा: जूनमध्ये सगळ्या.